माडीवरचे पाणी

गाणगापूर म्हटले की भीमा-अमरजेचा संगम डोळ्यांपुढे उभा राहतो. ह्या मुलखात पाण्याचे मोल कोणास सांगावयास नको; परंतु पाण्याचे वजन किती, ह्याचा विचार सहसा होत नाही. मध्यंतरी तो करण्याचा प्रसंग आम्हांवर आला.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने जुन्या घराची डागडुजी करून आम्हांस आशीर्वादासाठी बोलाविले. मुलाने मासे पाळण्याची मोठी काचपेटी आणली होती, ती लाकडी माडीवर ठेवावयाची होती. त्याच जागेखाली आजीबाईंची खाट होती. आम्ही म्हणालो, "आशीर्वाद अवश्य देऊ, आधी हिशेब करू."

पेटी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते व एका लिटराचे वजन एक किलो. पाणीच झाले अडीचशे किलोंवर! काच, वाळू आणि घडवंची धरून साडेतीन क्विंटल. ज्वारीची क्विंटलाची साडेतीन पोती अवघ्या ६ चौरस फुटांत रचल्यासारखेच हे झाले. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे व सामान ह्यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरावा, असे भारतीय मानक सांगते. पेटीखाली तो ६०० किलोंवर जातो. सुस्थितीतील स्लॅबवर हा भार आजूबाजूस पसरतो व भिंतीलगत बहुधा पेलतो. जुन्या लाकडाचे तसे नाही. माणसे येतात, उठून जातात. पाणी मात्र रात्रंदिवस तेथेच बसते आणि तुळई हळूहळू वाकत जाते.

म्हणून आम्ही तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून धरली. मध्ये बाक दिसला. भिंतीत शिरणाऱ्या टोकाला चाकू टोचला, तो सहज आत गेला. वाळवीने आपले काम केले होते. लाकूड निरोगी असते, तर पेटी भिंतीलगत, कड्यांना आडवी ठेवून भार अनेक कड्यांवर वाटता आला असता. स्लॅबवर गंजाचे डाग वा सुटलेला गिलावा दिसल्यास अभियंत्याला दाखवावे.

पेटी खालीच ठेवली. तेथेही शहाबादी फरशी ठोकून पाहिली. पोकळ आवाज आला ती फरशी उचलून खाली भर घातली. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे.

मुलगा हिरमुसला. तेव्हा आजीबाईंनीच किल्लारीची आठवण काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आपल्या उत्तरेस, झोपेत असलेली हजारो माणसे दगडी भिंती व मातीची माळवदे ह्यांखाली गाडली गेली. डोक्यावरच्या ओझ्याचा विचार त्या रात्रीपर्यंत फारसा कोणी केला नव्हता.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभू येशूने लूककृत शुभवर्तमानात सांगितले आहे. तो हिशेब पैशांचाच नव्हे. आपल्या हौसेखाली कोण निजले आहे, हे पाहणे हीदेखील शेजारप्रीतीच होय. वाचकहो, आज आपणही एकवार आपल्या छताकडे मान वर करून पाहावे.