शंभर किलोच्या पेटीत एक किलो माल

काल्हेरमध्ये वजनकाटा पाहिला नाही असा माणूस विरळाच. गोदामात माल आला की पेटी काट्यावर चढते, आकडा वहीत उतरतो आणि चलनाशी ताडून पाहिला जातो. समजा, चलनावर लिहिलं आहे: आत तीन नग, मिळून वजन एक किलो. काटा मात्र दाखवतो शंभर किलो. पेटी उघडली, तर आत खरोखर तीनच नग, एक किलोचेच. मग उरलेले नव्व्याण्णव किलो कशाचे?

बारावीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने एका रात्री जेवताना हे कोडं घातलं. ती म्हणाली, "अब्बा, ही पेटी म्हणजे प्रोटॉन. आपलं शरीर, हा भात, हे ताट, सगळं यानेच भरलंय." दादी घास थांबवून म्हणाल्या, "मग बाकीचं वजन कुणाचं गं?" मुलगी म्हणाली, "दादी, हेच मला शिकायचंय." आम्ही दोघांनी तिच्यासाठी फार्मसी ठरवली होती. त्या रात्री घरात वाद झाला. त्यानंतर, नुसतं नाही म्हणण्याआधी ती काय मागते आहे ते समजून घ्यावं, म्हणून आम्ही वाचायला बसलो.

प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात, दोन 'अप' आणि एक 'डाउन'. क्वार्कची कल्पना 1964 साली मरे गेल-मान आणि जॉर्ज त्स्वाइग यांनी वेगवेगळी मांडली. या तीन क्वार्कचं स्वतःचं वस्तुमान मिळून सुमारे 9 एमईव्ही भरतं (एमईव्ही हे या सूक्ष्म जगातलं मोजमाप). अख्ख्या प्रोटॉनचं मात्र 938. म्हणजे शंभरात जेमतेम एक. बाकीचं वजन ऊर्जेचं आहे: आत कोंडलेल्या क्वार्कच्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या 'ग्लुऑन' कणांची. ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, हे आइनस्टाइनचं सूत्र आपल्या प्रत्येकाच्या वजनात रोज खरं ठरतं.

क्वार्कना बांधणाऱ्या या बलाचा स्वभाव विचित्र आहे. चुंबक दूर नेला की ओढ कमी होते. इथे क्वार्क अगदी जवळ असले तर जवळजवळ मोकळे असतात, पण लांब ओढू गेलं की ओढ सुटत नाही. म्हणूनच एकटा क्वार्क कधी कुणाला मिळालेला नाही. जवळ असताना हे बल सैल पडतं, हे 1973 साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. पण प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर हे बल इतकं जबर होतं की कागद-पेन्सिलीची नेहमीची गणितं तिथे चालत नाहीत.

वाट काढली केनेथ विल्सन यांनी, 1974 साली. ती समजायला भिवंडीकरांना सोपी आहे. कापड म्हणजे ताणा आणि बाणा. विल्सन यांनी जागा आणि काळ यांचीच अशी वीण कल्पिली. लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशा चार दिशांनी धागे. धागे जिथे एकमेकांना छेदतात त्या गाठींवर क्वार्क, आणि दोन गाठींमधल्या धाग्यावर ग्लुऑन. आता अखंड अवकाशाऐवजी मोजता येतील एवढ्या गाठी उरल्या, आणि हिशेब संगणकाला देता आला.

तरी हिशेब थोडा नव्हे. तिन्ही दिशांना 64 आणि काळाच्या दिशेला 96 गाठी घेतल्या, तर एकूण गाठी होतात अडीच कोटींहून जास्त. प्रत्येक गाठीमागे चार धागे आणि प्रत्येक धाग्यावर अठरा आकडे. म्हणजे एका विणीत सुमारे 181 कोटी आकडे. अशा शेकडो विणी नमुन्यादाखल तयार करून त्यांची सरासरी काढायची, जसा व्यापारी काही ताके उलगडून सगळ्या मालाचा अंदाज घेतो. चूक निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात. वीण दुप्पट बारीक करायची तर गाठी सोळापट होतात. म्हणून याला महासंगणक लागतो. या हिशेबाच्या पायऱ्यांना 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे, हे मुलीनेच आम्हाला सांगितलं.

2008 साली युरोपातल्या एका गटाने या रीतीने प्रोटॉनचं वस्तुमान काढलं. ते प्रयोगातल्या आकड्याशी काही टक्क्यांच्या आत जुळलं. 2015 मध्ये त्याहून नाजूक काम झालं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जेमतेम 0.14 टक्के जड असतो, तो फरक हिशेबातून निघाला. हा फरक उलटा असता तर एकटा प्रोटॉन टिकला नसता. मग हायड्रोजन नाही, आणि पाणीही नाही.

हे काम काल्हेरपासून फार लांब चालत नाही. कुलाब्याला, होमी भाभा यांनी 1945 साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते अनेक वर्षं सुरू आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 2017 साली ओमेगा-सी जातीचे पाच नवे कण एकदम सापडले. संस्थेतले नीलमणी माथुर आणि त्यांचे सहकारी एम. पद्मनाथ यांनी आपल्या गणितावरून त्या पाचांची ओळख सांगितली, कुणाचं 'स्पिन' किती असावं ते. पुढे 2021 मध्ये सर्नच्याच निरीक्षणांनी त्यातल्या चार कणांच्या क्रमावर शंका उभी केली. हे वाचून आम्हाला आधी वाईट वाटलं. मुलगी म्हणाली, "अम्मी, काटा पुन्हा लावायचा, एवढंच." 2023 साली माथुर, पद्मनाथ आणि देबशुभ्र चक्रवर्ती यांनी सहा बॉटम क्वार्कच्या एका जोडकणाचं भाकीत केलं. ड्यूटेरॉन या साध्या जोडकणापेक्षा त्याची बांधणी सुमारे चाळीसपट घट्ट निघते. तो कण अजून कुणी पाहिलेला नाही.

या कामाचा बाजारात काय उपयोग, याचं उत्तर आमच्याकडे नाही. पण मुलीला पुढे वाट आहे की नाही, हे आम्ही शोधलं. बारावीनंतर 'नेस्ट' परीक्षा देऊन मुंबईतच, कालिन्याच्या केंद्रात पाच वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम करता येतो. पुण्याच्या आयसरसाठी वेगळी प्रवेश परीक्षा आहे. पुढे पीएच.डी. करणाऱ्यांना टाटा संस्थेत शिष्यवृत्ती मिळते. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले परशुरामभाऊ महाविद्यालयातून शिकून कणभौतिकीत जगभर मान्य झाल्या. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मुलींना ही नावं कुणी सांगितलीच नाहीत, आणि त्यात आमचाही दोष आहे.

आम्ही दोन्ही फॉर्म भरले आहेत, फार्मसीचा आणि 'नेस्ट'चा. नंबर कुठे लागेल ते अल्लाह जाणे. पण आधी फार्मसीचा फॉर्म वर होता. परवा दादींनी तो उचलून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बाकीचं वजन कुणाचं, ते कळलं की मला सांग."