भाकड गाईंचे दान

कठोपनिषदाच्या आरंभीची कथा आमच्या वाचकांस परिचित आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा संकल्प सोडला. परंतु दक्षिणेच्या वेळी ज्या गाई पुढे आणल्या त्या थकलेल्या आणि भाकड होत्या. दानाचे पुण्य तर पदरी पडावे, पण गोठ्यातील उपयुक्त जनावर मात्र जाऊ नये, असा तो हिशेब होता. बाल नचिकेत्याला तो बोचला आणि त्याने पित्याला अडचणीचा प्रश्न विचारला. या कथेचे स्मरण होण्याचे कारण मात्र अगदी ऐहिक आहे. युद्धात सापडलेल्या राष्ट्रास आपली जुनी लढाऊ विमाने देण्याचा प्रघात युरोपात पडला आहे. इकडे आपल्या वायुदलानेही २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला. सेवेतून उतरलेल्या शस्त्राचे पुढे काय करावे, हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही दाराशी येणारच.

जुने ते टाकाऊ, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. स्लोव्हाकियाने २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये युक्रेनला १३ मिग-२९ विमाने दिली. ती आदल्याच वर्षी सेवेतून काढलेली होती. त्यांतील काही तर केवळ सुट्या भागांपुरतीच कामाची होती. वरवर पाहता हे वाजश्रवसाचेच दान! परंतु युक्रेनचे वैमानिक याच जातीच्या विमानांवर वाढलेले, आणि तेथील यंत्रज्ञांना त्यांचा खिळा न् खिळा ठाऊक. त्यामुळे ही म्हातारी गाय दूध देती झाली. उलट, नेदरलँड्स व डेन्मार्क यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये एफ-१६ विमाने देऊ केली. पण ती युक्रेनच्या आकाशात प्रकटपणे दिसावयास ऑगस्ट २०२४ उजाडला. वैमानिकांना नव्याने शिकणे भाग पडले, यंत्रज्ञांना नवी हत्यारे हाती घ्यावी लागली, तळांची सिद्धता करावी लागली. एवढे करूनही त्याच महिन्यात एक विमान आणि एक कसलेला वैमानिक गमवावा लागला. तेव्हा दानाची पारख वस्तूच्या वयावरून नव्हे, तर घेणाऱ्याच्या हाती ती किती उपयोगी पडते यावरून करावयाची असते.

गोंदियाकरांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शहराजवळच्या बिरसी येथील विमानतळ इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला. युद्ध संपले, सैन्य गेले, धावपट्टी तेवढी राहिली. आणि पुढे अनेक वर्षांनी तेथे नागरी वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणारी ती चिमुकली विमाने पाहिली म्हणजे एक साधा वैमानिक घडविण्यासाठी किती तास, किती इंधन आणि शिक्षकाचा किती धीर खर्ची पडतो, याची कल्पना येते. विमान एका दिवसात देता येते. वैमानिक देता येत नाही.

परंतु उपयुक्ततेच्या पलीकडे नीतीचा प्रश्न उरतोच. शस्त्राचे दान हे अन्नदानासारखे निष्पाप नाही. देणारा घरी स्वस्थ बसला तरी तो त्या युद्धात अंशतः सहभागी होतो. याचा अनुभव आपण दुसऱ्या बाजूनेही घेतलेला आहे. १९७१ च्या डिसेंबरात जॉर्डनची अमेरिकन बनावटीची एफ-१०४ विमाने पाकिस्तानच्या साहाय्यास धाडण्यात आली. अमेरिकेच्या कायद्यास असे हस्तांतरण मान्य नव्हते. तरीही अध्यक्ष निक्सन व त्यांचे सल्लागार किसिंजर यांचे त्याला उत्तेजन होते, हे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून उघड झाले. ते कृत्य आपण मैत्रीचे मानले नाही, आणि ते योग्यच होते. मग उद्या आपण कोणास विमान दिले, तर त्याच्या शत्रूने त्याकडे दुर्लक्ष करावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

दुसरा धडा अफगाणिस्तानचा. डिसेंबर २०१५ पासून भारताने काबूलच्या सरकारला चार जुनी लढाऊ हेलिकॉप्टरे दिली. २०१९ मध्ये आणखी काहींचा भार उचलला. हेतू चांगला होता, निकड खरी होती. पण ऑगस्ट २०२१ मध्ये ते सरकारच कोसळले, आणि कुंदुझच्या तळावर आपण दिलेल्या एका हेलिकॉप्टरापाशी तालिबानचे लोक उभे असल्याची चित्रे जगाने पाहिली. त्याची पाती आधीच काढून नेलेली होती, एवढाच काय तो दिलासा. दान केलेली गाय कसायाच्या दावणीला बांधली जाणार नाही, याची हमी दात्याला देता येत नाही. पण तशी शक्यता किती, याचा विचार तरी त्याने केलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, बुडत्याने दोरी नवी की जुनी हे पाहावयाचे नसते. हे आम्हांस मान्य आहे. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी खुद्द पंडित नेहरूंना अमेरिकेकडे लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागण्याची पाळी आली होती. अलिप्ततेचा ज्याने जन्मभर पुरस्कार केला त्या पुरुषावर आलेला तो प्रसंग ज्याला आठवतो, तो संकटात हात पसरणाऱ्या राष्ट्राची टिंगल करणार नाही. मागणाऱ्याने काय मागावे हा त्याचा प्रश्न. देणाऱ्याने काय द्यावे, हा मात्र आपला आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. आक्रमण झालेल्या देशाला जुने विमान देणे हे मुळात गैर नव्हे. परंतु ते देताना सुटे भाग आणि शिक्षण सोबत दिले पाहिजे, मूळ निर्मात्याची संमती घेतली पाहिजे, आणि आपण कोणाच्या बाजूने व का उभे आहोत हे संसदेत उघडपणे सांगितले पाहिजे. एवढे धैर्य नसेल, तर ती विमाने चौकाचौकांतील चबुतऱ्यांवर शोभेची म्हणून उभी राहिलेली बरी. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात घडलेल्या अनेक मिग-२१ विमानांना पुष्कळ तरुणांचे रक्त लागलेले आहे. त्यांच्या वारसाचा उपयोग अडगळ रिकामी करून पुण्य मिळविण्यासाठी होऊ नये.

वाजश्रवस आपल्या मुलाच्या प्रश्नाने चिडला होता. आपल्या राज्यकर्त्यांना असा प्रश्न कोणी विचारला, तर त्यांनी चिडू नये, उत्तर द्यावे.