बरं वाटणं आणि बरं होणं

क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने का घ्यायच्या, हा प्रश्न मला जितक्या बायकांनी विचारला, तितक्या बायकांनी क्षयरोग म्हणजे काय हेसुद्धा विचारलेलं नाही. प्रश्न रास्तच आहे. तापाच्या गोळ्या तीन दिवस, घसा दुखला तर पाच दिवस, आणि याच्या मात्र सहा महिने! त्यातून दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागायला लागते, अंगावर थोडं मांस चढतं. मग आणखी चार महिने कशासाठी? आशाताई घरी येऊन ‘गोळ्या सोडू नका हं’ म्हणून जातात. पण का सोडायच्या नाहीत हे सांगत बसायला त्यांना सवड कुठली, पुढे आणखी वीस घरं असतात. महिला मंडळाच्या कामामुळे माझं अशा घरांत जाणं-येणं आहे. मी काही डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगते.

हा जंतू मोठा धिम्या चालीचा आहे. जुलाब करणारे काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला तेवढ्यासाठीच जवळजवळ एक दिवस लागतो. आपण रात्री विरजण लावलं की सकाळी दही तयार. हे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे तर कित्येक आठवडे जातात. त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं, त्यामुळे पुष्कळशी औषधं आत शिरतच नाहीत.

तो शिरतो कसा? श्वासातून. रोगी माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की अगदी बारीक थेंब हवेत तरंगत राहतात, बंद खोलीत तासन्‌तास. ते श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. (म्हणजे ताट-वाटी वेगळी करून काही उपयोग नाही. ते करायच्या आधी खिडक्या उघडा.) आपल्या शरीरात जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. त्या याही जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आत पाचकरसांच्या हवाली होतो आणि संपतो. पण हा पठ्ठ्या ते दारच बंद करून टाकतो. पाचकरस त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि ज्याने त्याला मारायचं त्याच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो! मग शरीर आणखी पेशी पाठवतं, त्या भोवती कडं करून बसतात आणि एक गाठ तयार होते. आत जंतू निपचित पडून राहतो, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. अशा शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. मधुमेह, एचआयव्ही, कुपोषण, घरातला विडी-सिगारेटचा धूर अशा कारणांनी पहारा ढिला पडला की तो उठतो.

आता गोळ्यांकडे येते. औषध जागत्या, वाढणाऱ्या जंतूंना पटापट मारतं. ते मेले की खोकला थांबतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण पेंगत पडलेले जंतू गाठीत, कोपऱ्याकापऱ्यात शिल्लक असतात आणि त्यांच्यावर औषध फारसं चालत नाही. ते अधूनमधून जागे होतील तेव्हाच मरायचे. म्हणून सहा महिने.

आणि चार-चार औषधं का? याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. आपण सहज म्हणतो, ‘औषधाची सवय झाली.’ ती सवय माणसाला होत नाही, जंतूलाही होत नाही. कोट्यवधी जंतू वाढताना त्यांच्यात आपोआप लहान-लहान चुका होत असतात. अशा एखाद्या चुकीमुळे साधारण दहा लाखांत एखादा जंतू असा निपजतो, की त्याला आयसोनियाझिड लागूच पडत नाही. रिफाम्पिसिन लागू न पडणारा दहा कोटींत एखादा. औषध अजून पोटात गेलेलंही नसतं तेव्हाच हे चुकार जंतू तिथे असतात. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रोग्याच्या अंगात तर दहा कोटींहून अधिक जंतू असू शकतात. एकच औषध दिलं तर बाकीचे सगळे मरतील आणि हे चुकार तेवढे उरतील, चाळणीवर राहावेत तसे. मग रान मोकळं! पण दोन्ही औषधांतून एकदम निसटेल असा जंतू एकावर चौदा शून्यांत एक. एकातून सुटला तो दुसऱ्यात सापडतो. मात्र त्यासाठी सगळी औषधं अंगात एकाच वेळी हवीत. आज घेतल्या, चार दिवस विसरल्या, मग पुन्हा सुरू केल्या असं झालं, की आपणच चाळण लावून निवडक जंतू राखतो.

हे जगाने मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू 1882 मध्ये शोधला. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि 1887 मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, याच रोगाने गेल्या. जंतू माहीत होता, पण त्याच्यावर औषध नव्हतं. ते आलं 1940 च्या दशकात, स्ट्रेप्टोमायसिन. इंग्लंडमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 रोगी दगावले, नुसती विश्रांती दिलेल्या 52 पैकी 14. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या गटातले 32 आणि दुसऱ्यातले 35 गेलेले होते. एकट्या औषधाला जंतू पुरून उरला होता. तिथून औषधं जोडीने द्यायला सुरुवात झाली.

आमच्या पेठेतल्या एका सुनेची गोष्ट सांगते, नाव नको. 2018 साली तिला क्षय निघाला. घरात नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, गोळ्या चोरून, जमतील तशा चालल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात भावाच्या लग्नाला माहेरी जायचं झालं, तर गोळ्यांची पाकिटं तिने मुद्दाम घरीच ठेवली. लग्नघरात कुणाच्या दृष्टीस पडली असती तर धाकट्या बहिणीचं जमत आलेलं मोडलं असतं, ही भीती. आली ती पुन्हा सुरू केल्याच नाहीत. ‘काकू, वजन चार किलो वाढलं होतं हो माझं. मला वाटलं, झालं आता.’ आठ महिन्यांनी खोकला परतला. या वेळच्या तपासणीत रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू निघाला. मग दीड वर्षाहून जास्त औषधं, सततची मळमळ, हातापायांना मुंग्या. ती बरी झाली. बहिणीचं लग्नही झालं, पण या सुनेला तिथे जाता आलं नाही.

तिला नुसता दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. गोळ्या लपवाव्या लागतात हे तिने ठरवलेलं नव्हतं. शिवाय असा प्रतिरोधी जंतू थेट दुसऱ्याच्या श्वासातूनही येतो. जिने जन्मात क्षयाची एक गोळी घेतलेली नाही, तिलाही पहिल्या फटक्यात तोच होऊ शकतो.

त्या रोगावर पूर्वी सहा-सहा महिने इंजेक्शनं असत आणि त्यांनी कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना 2013 मध्ये ऐन चोविशीत असाच बहिरेपणा आला. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या नव्या औषधाचं पेटंट लांबवण्याच्या अर्जाला भारतात हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. क्षयाने होरपळलेल्या दोन तरुण मुली, एवढ्या मोठ्या कंपनीसमोर! सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. हे सगळं तोंडाने घ्यायचं, इंजेक्शन नाही. पण बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू आढळायला लागलेत, ही चाल थांबत नाही.

काही गोष्टी बायकांना कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर या औषधामुळे त्यांचा परिणाम उणावतो. तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. क्षय गर्भाशयाच्या नळ्यांनाही होतो आणि दिवस न राहण्याचं ते एक कारण असतं, तेव्हा खोकला नाही म्हणजे क्षय नाही असं नसतं. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांनी क्षय तात्पुरता दबतो, निदान लांबतं, आणि तेच औषध पुढे प्रतिरोधी क्षयाला लागणारं असतं. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा गोव्याच्या कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅट यंत्रावर तपासणी फुकट होते आणि जंतू रिफाम्पिसिनला जुमानतो की नाही तेही कळतं. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झालेत. खात्याचा नंबर देऊन ठेवा. घरात लहान मूल असेल तर त्याला रोग होऊ नये म्हणून वेगळं औषध असतं, तेही मागून घ्या.

आणि ती बेडक्याची डबी. चारचौघांत खाकरायचं कसं, म्हणून बायका लाजेने नुसती थुंकी भरून देतात, मग तपासणीत काही सापडत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीला झालेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बेडका कसा काढायचा हे दोन मिनिटं नीट समजावल्यावर क्षय सापडलेल्या बायकांचं प्रमाण शंभरात आठावरून तेरावर गेलं. तेव्हा डबी हातात देताना मी सांगते: सकाळी उठल्या-उठल्या चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून जोराने खोका, घट्ट, पिवळट आला पाहिजे, फेसाळ पाणी नको. सासऱ्यांसमोर नको वाटत असेल तर गच्चीवर जा. तिथे वाराही मोकळा असतो.