डोंगर पाहण्याआधी सातबारा पाहा

मावळात किंवा चाकणच्या पुढे भीमाशंकरच्या वाटेला, डोंगराच्या पायथ्याशी एक-दोन एकर शेत घ्यावे, असे पिंपरी-चिंचवडमधील आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या मनात असते. पीक येते आणि सुटीत मुलाबाळांना मोकळी हवाही मिळते. मात्र इसार देण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा, असे आम्ही सुचवितो.

१९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. असा व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. मग आयुष्याची पुंजी बुडते.

आपल्यापैकी पुष्कळांची गावी वडिलोपार्जित शेती आहे. पण वडील वारल्यावर वारसनोंद राहून गेलेली असते. ती आधी करून घ्यावी. आपण शेतकरी असल्याचा पुरावा त्या सातबाऱ्यावरच मिळतो.

त्यानंतर विकणाऱ्याचा सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा व येण्याजाण्याचा रस्ता तपासावा. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, पुनर्वसन वा एमआयडीसीच्या संपादनाचा शेरा असेल तर थांबावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. दलाल डोंगर दाखवील. कागद आपणच पाहायचे आहेत.