पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा

गेल्या रविवारी बैठकेत भजन आटोपले आणि चहाच्या वेळी वाद निघाला. आमच्या गावातील एका ताईंच्या मुलाला पोलिसांनी मोटारसायकलवर जाताना अडविले होते. मुलगा म्हणतो, कागद दाखविले तरी शिवी दिली आणि थप्पड मारली. पोलीस म्हणतात, धक्का आधी त्यानेच दिला. ताई रात्री नऊपर्यंत पोलीस स्टेशनबाहेर डबा घेऊन बसून होत्या. मुलगा घरी आला, गालावर वळ होता, पण तक्रार काही झाली नाही. "साक्षीदार कुठून आणू, गुरुजी?" असे त्यांनी मला विचारले.

तेव्हा आमचे एक सेवानिवृत्त पोलीस काका बोलले, "त्या पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असता, तर तुला साक्षीदार शोधावा लागला नसता, पोरी. आणि मलाही नसता लागला." नोकरीत असताना एक दारुडा त्यांच्यासमोर पायऱ्यांवरून आपोआप पडला. घरच्यांनी आरोप केला की काकांनीच ढकलले. कित्येक महिने चौकशी चालली. ते दिवस आठवले की काकांचा आवाज अजूनही बदलतो.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या बेटावर या कॅमेऱ्याची चर्चा पुन्हा पुन्हा निघते, म्हणून थोडा विचार करू. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे हे यंत्र गणवेशावर लावतात. पोलीस बटण दाबतो तेव्हा चित्रण सुरू होते. बहुतेक यंत्रे बटण दाबण्यापूर्वीचे काही सेकंदही राखून ठेवतात.

त्याचा उपयोग होतो काय? कॅलिफोर्नियातील रियाल्टो या लहान शहरात फेब्रुवारी २०१२ पासून वर्षभर ५४ पोलिसांवर प्रयोग झाला. आधीच्या वर्षी पोलिसांविरुद्ध २४ तक्रारी होत्या, त्या ३ वर आल्या. सर्वांना वाटले, औषध सापडले! पण वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर असाच प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला : कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

असे का व्हावे? केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक कारण दाखविले. जिथे पोलिसांनी नियमाप्रमाणे कॅमेरा सुरूच ठेवला, तिथे बळाचा वापर घटला. जिथे बटण त्यांच्या मर्जीवर राहिले, तिथे तो उलट वाढला. मला याचे नवल वाटले नाही. शाळेच्या मैदानावर दोन मुलांची मारामारी होते, तेव्हा मोबाईलवरचे चित्रण नेहमी दुसऱ्या ठोशापासून सुरू झालेले असते. पहिला ठोसा कुणाचा, हे मलाच चौकशी करून शोधावे लागते.

म्हणून माझे मत असे : कॅमेरा हवा, पण बटण पोलिसाच्या मर्जीवर नको. माणसाला अडविले की चित्रण सुरू झालेच पाहिजे. नाही झाले, तर का नाही, याचे उत्तर त्याच दिवशी लेखी द्यावे.

हे काकांना पटले. पण ताईंनी जे विचारले ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. "रस्त्यावर ठीक आहे. पण माझ्या मुलाला आत नेले तेव्हा?"

काका गप्प झाले.

आपल्या देशाचे मोठे दुखणे तिथेच आहे. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी गायक काया पोर्ट लुईच्या लाइन बॅरॅक्समधील कोठडीत मृतावस्थेत सापडले, आणि सारे बेट पेटले. ते दिवस पाहिलेले लोक आजही त्या कोठडीत काय घडले यावर वाद घालतात. मे २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यातील माणसांच्या छळाच्या चित्रफिती घरोघरी मोबाईलवर पोहोचल्या. रस्त्यांवर सेफ सिटी योजनेचे हजारो कॅमेरे खांबांवर बसले, पण खांबावरच्या कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचे कसे दिसावे?

आणि नुसता कॅमेरा बसवूनही भागत नाही. जून २०२० मध्ये तमिळनाडूतील सातानकुलम येथे एक बाप आणि त्याचा मुलगा पोलिसांच्या मारहाणीनंतर मरण पावले. आपल्या तमिळ शेजाऱ्यांच्या घरी त्या वेळी याचीच चर्चा होती. त्या पोलीस स्टेशनमध्ये कॅमेरे होते. परंतु यंत्रात भरपूर जागा असूनही चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी सोय करून ठेवली होती. त्याच वर्षी २ डिसेंबरला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस स्टेशनात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि ते चित्रण दीर्घकाळ जपण्याचा आदेश दिला.

उलट बाजूही आहे. पोलीस नवरा-बायकोच्या भांडणात घरात येतो, तेव्हा रडणारी बाई आणि घाबरलेली मुलेही चित्रात येतात. आपले बेट केवढेसे! वाक्वामध्ये शिंकले तर कास्कावेलला ऐकू येते. असे चित्रण फुटले, तर ती बाई दुकानात कोणत्या तोंडाने जाईल? २०१७ चा माहिती संरक्षण कायदा आपल्याकडे आहे, पण चित्रण कुणी पाहिले याची नोंद तरी ठेवली जावी. माझ्या मते ते पोलीस खात्याच्या कपाटात नसावेच. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयोग २०१८ पासून काम करतो. त्याच्यासारख्या त्रयस्थाकडे किल्ली असावी, आणि ज्याचे चित्र आहे त्याला ते मागण्याचा हक्क असावा. खर्च होईल हे खरे. काका म्हणतात, यंत्रापेक्षा चित्रण साठवून ठेवणेच महाग पडते.

चहा संपला, लोक पांगले. ताईंना मी सांगितले की आयोगाकडे तक्रार साक्षीदार नसतानाही करता येते, पत्र मी लिहून देतो. तारीख आणि वेळ त्यांना पाठ आहे. घरी विचारून सांगते म्हणाल्या आहेत.