चामखिळीला मूळ नसतं

पोराच्या बोटावर चामखीळ उठली की घरातलं कुणीतरी घोड्याच्या शेपटीचा केस शोधायला निघतं. केस आवळून बांधायचा, म्हणजे ती सुकून गळेल. नाही गळली की म्हणायचं, ‘मूळ आत राहिलं’, आणि मग चुना, नाहीतर ब्लेड. कोवळं बोट चिघळतं ते त्यानंतर.

डॉक्टर चामखिळीची वरची टणक कातडी तासतात तेव्हा काळे ठिपके दिसतात. लोक त्यांनाच मुळं म्हणतात. प्रत्यक्षात ते बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. चामखीळ कातडीच्या अगदी वरच्या थरातच वाढते. ती फिरून येते, कारण आजूबाजूच्या त्वचेत विषाणू उरलेला असतो.

‘रक्त बिघडलं म्हणून आली’ हेही खरं नाही. चामखिळीचा बारीक गाळलेला, जिवाणू नसलेला अर्क टोचूनही चामखीळ उठते, हे इटलीच्या चुफो यांनी १९०७ मध्येच दाखवलं. आज त्या विषाणूला आपण एचपीव्ही म्हणतो. तो रक्तातून पसरत नाही, कातडीवरच्या बारीक चिरेतून शिरतो.

तो पेशी मारत असेल, असं वाटतं. करतो उलटंच. त्याच्याकडे जेमतेम आठ-नऊ जनुकं. स्वतःच्या प्रती काढायची यंत्रणा नाही, ती पेशीकडून घ्यावी लागते. पण कातडीच्या तळातली पेशी वर सरकू लागली की विभाजन थांबवते, ती यंत्रणाही बंद करते, केराटिनने भरते, चपटी होते आणि गळून पडते. विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं नेमकी इथे आड येतात. मिटू लागलेली विभाजनाची जनुकं ती जागी ठेवतात. संसर्गाची वर्दी देणारी इंटरफेरॉनची जनुकं दबतात, तर नव्या रक्तवाहिन्या बोलावणारी जोर धरतात. ते काळे ठिपके त्याच वाहिन्यांचे. जनुकांमधली अक्षरं तीच राहतात, वाचन बदलतं.

मग हा कॅन्सर का नव्हे? हातावरच्या चामखिळी बहुधा एचपीव्हीच्या २, २७, ५७ अशा प्रकारांच्या असतात. जननेंद्रियांवरच्या आणि स्वरयंत्रातल्या गाठी मुख्यतः ६ आणि ११ च्या. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरांमागे १६ आणि १८ असतात. या दोघांचं ई६ पेशीचा पहारेकरी पी५३ नष्ट करतं, ६ आणि ११ चं तसं करत नाही. शिवाय चामखिळीत विषाणूचं डीएनए वेगळ्या कड्यासारखं राहतं. कॅन्सरमध्ये ते पुष्कळदा आपल्या गुणसूत्रात घुसतं, त्यात ई२ हे जनुक तुटतं आणि ई६-ई७ वरचा लगाम सुटतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ लस ६, ११, १६ आणि १८ या चौघांविरुद्ध आहे, म्हणजे ती फक्त कॅन्सरची लस नव्हे. मात्र आधीच उठलेली चामखीळ तिने जात नाही आणि हातावरचे प्रकार तिच्यात नाहीत.

मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत, प्रतिकारशक्तीला विषाणू ओळखता आला की, आपोआप विरतात. तोवर सॅलिसिलिक अ‍ॅसिड डॉक्टरांना विचारून लावावं. मधुमेह्याच्या पायावर, चेहऱ्यावर किंवा जननेंद्रियांवर असेल तर घरी काहीच करू नये, थेट डॉक्टरांना दाखवावं.