जुनेर, गोधडी आणि बाळंतिणीचे लाडू

मोसम नदीच्या कांठचें मालेगांव हें कापडाचें गांव. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून निघालेलीं विणकर कुटुंबें येथें येऊन स्थिरावलीं. पुढें हातमाग मागें पडले, विजेचे माग आले, आणि आज गल्लीबोळांतून चालणाऱ्यास मागांचा खडखडाट चुकवितां येत नाहीं. अशा गांवांत एखाद्या तरुण आईस आपल्या तान्ह्यासाठीं वारभर मऊ कापड सहज मिळूं नये, हें ऐकून नवल वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी आहे खरी, आणि तिचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुतास आधीं खळ लावतात. तिच्यावांचून तें सूत धोट्याची ये-जा सोसत नाहीं, तुटतें. शिवाय कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा पातळ थर असतो. या दोहोंमुळें मागावरून उतरलेलें कोरें कापड ताठ असतें, आणि पाण्याचा थेंब त्यावर घडीभर तसाच बसून राहतो. वर्षानुवर्षें धुऊन, उकळून, दगडावर आपटून व उन्हांत वाळवून हें आवरण निघून जातें, सूत सैल पडतें, आणि मग तें कापड ओल शोषूं लागतें. आजीचें लुगडें नेसून नेसून विरलें म्हणजे तें टाकाऊ झालें असें नव्या माणसास वाटतें. तान्ह्याच्या अंगास मात्र त्यासारखें दुसरें कापड नाहीं. आपल्या बायकांनीं त्यास 'जुनेर' असें वेगळें नांव दिलें तें उगाच नव्हे.

अडचण येते ती येथेंच. गेल्या दोन पिढ्यांत नित्याच्या वापरांतलें सुती लुगडें गेलें आणि कृत्रिम धाग्याची साडी आली. ती स्वस्त, लवकर वाळणारी, इस्त्रीची गरज नसलेली. नेसणारीची सोय झाली यांत शंका नाहीं. पण सुती कापड मध्यम हवेंत आपल्या वजनाच्या शेंकडा सुमारें ८ इतकी ओल धरतें, तर पॉलिएस्टर शेंकडा अर्धा भागही धरीत नाहीं. त्याचें बाळोतें केलें तर ओल कातडीशींच राहते आणि मूल चरचरून रडतें. तेव्हां घरांत साड्यांची चळत असूनही जुनेर नाहीं, असें होतें. ज्या घरीं तें नसेल तेथें सुती धोतर, जुनी चादर किंवा पंचा यांवर भागवावें. नवें कोरें कापड आणल्यास सोडा घातलेल्या पाण्यांत उकळून व पुनःपुन्हां धुऊनच वापरावें. पुढें स्वच्छ पाण्यांत खळबळतांना सोड्याचा अंश राहूं देऊं नये.

बाळाचें दुपटें आणि गोधडी यांत शहरी बोलण्यांत घोटाळा होतो. दुपटें दोन पदरी, गुंडाळण्याचें. गोधडी चार-सहा पदरी, अंथरण्याची. जुनेराचे कांठ काढून टाकावे आणि मधल्या भागाचे सारख्या मापाचे तुकडे एकावर एक पसरावे. फार विरलेले आंत, त्यांतल्या त्यांत धड असलेले बाहेर. मोठे टांके घालून ते प्रथम टांचून घ्यावे, नाहींतर पदर सरकतात आणि मध्यें फुगा येतो. मग कडेपासून धांवदोरा घालीत चौकोनाच्या आंत चौकोन असें मध्यापर्यंत यावें. टांके दाट घातले तर गोधडी टिकते, पण ताठ होते. तान्ह्याची गोधडी विरळ टांक्यांचीच बरी. दोऱ्याची गांठ पदरांच्या आंत ओढून घ्यावी. टिकल्या, मणी, जर यांची हौस मूल मोठें होईपर्यंत थोपवून धरावी.

ही गोधडी बाळाच्या अंगाखालीं असावी. झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडाभोंवतीं सैल पांघरूण किंवा मऊ उशी ठेवूं नये, असें आजचें वैद्यकशास्त्र निक्षून सांगतें. कुंचीचेंही तेंच. खणाची कुंची दिसावयास गोजिरी, आणि हिंवाळ्याच्या पहांटे कडेवरच्या मुलास उपयोगाचीही; पण झोपेंत ती काढून ठेवावी. मालेगांवचा पारा वैशाखांत ४० अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत डोकें बांधलेलें मूल तापलेलें आढळलें तर दृष्ट काढण्याआधीं कुंची काढावी.

शिवणापेक्षां स्वयंपाकघरांत जुन्या-नव्याचा वाद अधिक तिखट होतो. बाळंतिणीचे लाडू अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे. अळीव नारळाच्या पाण्यांत तासा-दोन तासांनीं अनेक पटींनीं फुगतात. म्हणून अर्धी वाटी अळिवास चार वाट्या खवलेला नारळ व अडीच वाट्या गूळ हें प्रमाण फार वाटत नाहीं. सर्व एकत्र करून मंद विस्तवावर गोळा होईपर्यंत परतलें कीं लाडू वळतात. याच गांवच्या विणकर घरांत उत्तरेकडून आलेली अछवानी होते: ओवा, गूळ, तूप व सुका मेवा घालून उकळलेलें पेय. दोन घरांच्या भाषा निराळ्या, पण चुलीवरचा विचार एकच. अळिवांत लोहाचा अंश पुष्कळ, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या शेंकडा ५७ भारतीय स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. तेव्हां हा लाडू चैनीचा नव्हे. त्याबरोबर लिंबू पिळलेली पालेभाजी असावी, म्हणजे लोह अंगीं लागतें. लागलीच वर चहा घेतला तर तें बरेंचसें वायां जातें. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र लाडवांच्या भरंवशावर सोडूं नयेत.

लाडवानें दूध वाढतें ही समजूत अर्धीच खरी. दूध मुख्यतः मुलाच्या ओढण्यानें येतें; नवजात मूल दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळां पितें, आणि तेवढ्यासाठीं आईचें पोट भरलेलें असावें लागतें. बाळंतिणीचें पाणी तोडणें, फळें व भाज्या बंद करणें ही रीति म्हणूनच सोडून द्यावी. सहाणेवर मायफळ, वेखंड, हळकुंड उगाळून दिली जाणारी बाळगुटीही पहिल्या सहा महिन्यांत नको. त्या काळांत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धां लागत नाहीं. वर्षाच्या आंत मध चाटवूं नये. बाजारी काजळांत शिसें असण्याचा संभव, म्हणून तेंही वर्ज्य. आजेसासूबाईंस हें ऐकवणें सुनेस कठीण जातें. तें काम मुलानें करावें.

उष्टावणाची जुनी वेळ मात्र आजच्या शास्त्राशीं जुळते. सहा महिने झाल्यावर मऊ भात, वरण, पेज. येथें एक घरगुती युक्ति मोलाची आहे. ज्वारी, बाजरी किंवा नाचणी भिजवून मोड आणावे, वाळवून भाजावी आणि पीठ करून ठेवावें. मोड येतांना धान्यांतला पिष्टमय भाग फुटूं लागतो, त्यामुळें या पिठाची खीर घट्ट गोळा होत नाहीं. तेवढ्याच वाटींत अधिक धान्य मुलाच्या पोटांत जातें. बाळाचें पोट तें केवढें, तेव्हां याचा लाभ मोठा.

आतां हें सर्व करावयाचें कोणी? पूर्वीं पहिलटकरीण माहेरीं जाई, सव्वा महिना तिला कोणी काम सांगत नसे, आणि गोधड्या तिची आई नाहींतर आजी आधींच शिवून ठेवी. मुसलमान घरांतही चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत स्वयंपाक, बाळोतीं, मोठें मूल, कोठें कोठें घरबसल्या कांड्या भरण्याची मजुरी, आणि शिवाय हौसेची गोधडी, हें सारें एकाच तरुण मुलीवर येऊन पडतें. शिवलेल्या वस्तूचें कौतुक करणारे पुष्कळ. ती रात्रीं किती वाजतां शिवली हें कोणी विचारीत नाहीं. खरें पाहतां एक गोधडी व दहा-बारा बाळोतीं एवढ्यावर तान्ह्याचें भागतें. लाडू शेजारणीनें वळून दिले तरी चालतात, पेजेचें पीठ नणंदेनें दळून आणलें तरी चालतें. दूध पाजणें मात्र दुसऱ्या कोणास जमत नाहीं, आणि त्या खालोखाल झोंपही.

शुक्रवारीं मालेगांवचे माग बंद असतात. त्या दुपारीं गल्ली शांत असते. अशा वेळीं एखाद्या ओट्यावर सासू चार जुनेरें पसरून टांचणाचे टांके घालीत असते, आणि आंतल्या खोलींत सून बाळाच्या शेजारीं गाढ झोंपलेली असते.